मधलं पॅड

आमच्या घरात विस्तवावर दोन गोष्टी शेकल्या जायच्या, आईची भाकरी आणि बाबांचा डफ. भाकरी रोजची, डफ कार्यक्रम असेल तेव्हाचा. आईचा स्वयंपाक आटोपला की बाबा चुलीतले निखारे पुढे ओढायचे, वर मूठभर पेंढा टाकायचे आणि जाळ उठला की डफ त्याच्यावर हातभर उंच धरून सावकाश फिरवायचे. मध्येच तो कानाशी नेऊन टिचकी मारायचे, तोंड वाकडं करायचे, पुन्हा जाळावर धरायचे. कातडं ताणलं गेलं की टिचकीचा आवाज कोरडा, खणखणीत यायचा. मग "बास" म्हणून उठायचे. हे काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही. लहानपणी एकदा मी हात पुढे केला तर म्हणाले, "नको गो नंदे, करपवशील." मी फुरंगटून परड्यात जाऊन बसले होते. माझं नाव सुनंदा, पण बाबांनी आयुष्यभर नंदेच म्हटलं.

बाबा रस्त्यावर मैलकुली होते. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जो घाट चढतो त्यातला एक तुकडा त्यांच्या गँगकडे होता. दरड आली की उपसायची, पावसाआधी गटारं मोकळी करायची, उन्हाळ्यात खडी फोडायची आणि डांबर ओतायचं. त्यांचे तळहात इतके खरखरीत की आई म्हणायची, "तुम्ही भांडी घासायला बसा, राख नको लागायची." पण वाद्यावर तोच हात इतका हलका पडायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस वाजवतोय की कातडं चाचपून बघतोय. उजवा तरी जरा बोलका होता. डाव्या हाताची बोटं नुसती टेकल्यासारखी, आणि सगळी गंमत त्या डाव्या हातातच होती. बरोबर वाजवणारे लोक चेष्टा करायचे, "आप्पा, जेवला नाय काय? हाणा की जोरात!" बाबा म्हणायचे, "दिवसभर दगडाला हाणतोच हाय. हितं पण हाणू?"

उमरठच्या रस्त्याला आमची वाडी. आजोबांच्या पिढीने धम्म घेतला तेव्हा गावकीचं वाजवणं सोडलं. बोलावणं आलं म्हणून दुसऱ्यांच्या दारात मान खाली घालून वाजवायला जायचं नाही, हे एकदा ठरलं ते ठरलं. पुष्कळ घरांनी वाद्यंसुद्धा टाकून दिली. आजोबांनी डफ ठेवला. वाजवायचा तो आपल्या वाडीत, आपल्या आनंदाला, एवढीच अट घातली. तो डफ बाबांकडे आला आणि पुढे त्याच्याभोवती वाडीची पार्टी जमली. एक बँजो, ढोलकी, ताशा, दोन खुळखुळे, आणि गाणारे म्हणाल तर सगळेच. पार्टीत मधोमध बसायची जागा बाबांची. ते बसल्याशिवाय बँजोवाला सूर लावत नसे. या माणसाने आयुष्यात दुसरी कुठली जागा मागितली नाही, बसमध्येसुद्धा उभाच राहायचा. ती एक जागा मात्र त्याची होती.

मी तेव्हा महाडला कॉलेजात होते आणि वसंतमामाकडे राहायचे. वसंतमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. त्या घरात शांतता अशी नव्हतीच. एका टेबलावर पोट उघडलेला रेडिओ खरखरतोय, दुसऱ्यावर टेपरेकॉर्डर कुणाचं तरी गाणं ओढत ओढत म्हणतोय, आणि या सगळ्याच्या वरून मामी आतून ओरडतेय, "बंद करा ते मढं!" मामीच्या हातची वालाची उसळ आणि सुकटीची चटणी मी त्या कथलाच्या धुरात जेवले आहे. अजूनही कुठे सोल्डरिंगचा वास आला की मला भूक लागते. पुढे आयटीआयमध्ये शिकवायला लागले तेव्हा हे मी वर्गात सांगायचे आणि पोरं फिदीफिदी हसायची. हसोत बापडी.

मामाला मुलगा-मुलगी असा भेद नव्हता, त्याला न थरथरणारा हात हवा होता, आणि तो माझा होता. कॉलेज सुटलं की मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसायचे. पहिले सहा महिने त्याने मला वायरींना नुसते कथलाचे डाग द्यायला लावले आणि मग एक दिवस म्हणाला, "आता बिघाड शोधायला शीक. वस्तू बिघडली की लगेच उघडायची नाही. आधी अदलाबदल करायची. ही वायर त्या जागी, ती वायर या जागी. दोष कुणाच्या मागे जातो ते बघायचं, मग स्क्रूला हात लावायचा." एवढी एक गोष्ट मी आयुष्यभर वापरली, यंत्रांसाठी तर वापरलीच.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वाडीला आले आणि दोन दिवसांत ते मशीन आलं. आमच्या वाडीचं मुंबईला मंडळ होतं, तसं सगळ्याच गावांचं असतं. मंडळातला एक जण जहाजावर खलाशी. त्याने कुठल्या तरी परदेशी बंदरातून वापरलेला इलेक्ट्रॉनिक ड्रम आणला आणि मंडळाने तो वाडीला द्यायचं ठरवलं. मंडळाचे सेक्रेटरी, गंगारामकाका, स्वतः एसटीच्या टपावरून तो घेऊन आले. विहाराच्या ओट्यावर गाठोडं सोडलं तेव्हा अख्खी वाडी गोळा झाली होती. आत काळ्या रबराची पाच पॅड, प्रत्येकाला एक लांब वायर, दोन काठ्या आणि बटणांनी भरलेला एक डबा. पुस्तिका होती, पण तिची लिपी आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिली नव्हती. स्टँड नव्हता, तो पोलादपूरच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्ट्यांचा करून घेतला. वायरी मी लावल्या, वाडीचा स्पीकर जोडला. गंगारामकाकांनी काठीने मधल्या पॅडवर हाणलं, आणि स्पीकरमधून असा "डूऽऽव" आवाज वरून खाली घसरत आला की झाडावरचे कावळे उडाले आणि म्हाताऱ्या सोनाआजीने कानावर हात ठेवून म्हटलं, "मेला, पोटात कालवलं गो माज्या!" पोरं तर वेडीच झाली.

मग बाबा बसले. काठ्या हातात धरून त्यांनी सवयीने पॅडला कपाळ टेकवलं आणि वाजवायला लागले. उजव्याचे दोन ठोके उमटले. डाव्याचे एकही नाही. हात चाललेला दिसत होता, नेहमीसारखा, पाण्यासारखा, पण कानाला काहीच नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाबांनी थांबून पॅडकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "याला माझं आयकाया येत नाय गो."

गंगारामकाका वाईट माणूस नव्हते. मुंबईत गोदीत राबून, वाडीसाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा करणारा माणूस. पण बोलायचे तोडून. म्हणाले, "आप्पा, मंडळानं वस्तू दिलेय ती वाजली पायजे. वैशाखी पुनवेच्या मिरवणुकीला मुंबईचे सगळे येणार. तवर तुम्हाला जमलं तर तुम्ही. नाय तर आपल्या तुकारामचा संजय हाय मुंबईला, ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्याला बोलावू." पुनवेला तीन आठवडे होते. बाबा "बरं" म्हणाले. घरी येताना रस्ताभर ते काठ्या मांडीवर हलक्या हलक्या मारत चालले होते.

मशीन आमच्याच पडवीत ठेवलं, कारण वायरींचं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी डब्यावरची बटणं वाचून काढली. प्रत्येक पॅडसाठी एकेक बटण होतं, खाली इंग्रजीत सेन्सिटिव्हिटी लिहिलेलं. आईने विचारलं, "म्हंजे काय गो?" मी म्हटलं, "मशीन किती मनावर घेतं ते. कमी ठेवलं तर जोरात मारल्याशिवाय ऐकत नाही. जास्त ठेवलं तर नुसतं बोट लागलं तरी बोंब ठोकतं." आई म्हणाली, "मग तुझ्यासारखंच हाय."

मी मधल्या पॅडचं बटण चढवत नेलं. बाबा डाव्या हाताने ठोकत होते. एका जागी पहिला ठोका उमटला, पुसट. आणखी जरा चढवलं आणि त्यांची सगळी बोटं स्पीकरमधून बोलायला लागली, ते बारीक बारीक टपटप, मधली ती थबकण्याची लकब, सगळं. बाबांचा चेहरा असा काही उजळला की मलाच रडू यायला लागलं. पण आनंद काही फार टिकला नाही. मधलं पॅड वाजवलं की शेजारचं आपोआप वाजायला लागलं. बाबा "डूऽऽव" करायला जावेत आणि शेजारून "टण्ण" यावं. बाबा दचकायचे. आई चुलीपासून ओरडायची, "दोघं वाजवताय काय?"

यात माझे चार दिवस गेले. आधी वायरी बदलून पाहिल्या, डब्यात दोष नव्हता, पॅडातही नव्हता. मग एकदा मी नुसत्या लोखंडी स्टँडवर बोटाने टिचकी मारली आणि पाचही पॅड एकदम कोकलली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पॅड पाच होती, पण बसवलेली एकाच लोखंडावर. एकाला मारलेला ठोका लोखंडातून शेजारी जात होता, आणि आता कान तीक्ष्ण केल्यावर शेजाऱ्याला तो ऐकू येत होता. पोलादपूरच्या सायकलवाल्याकडून मी फाटक्या ट्यूबा मागून आणल्या, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पॅड जिथे स्टँडला लागत होतं तिथे चार-चार घड्या कोंबल्या. शेजारी गप्प झाला. ज्या जागी बटण बाबांच्या हाताला नेमकं बसलं होतं तिथे मी सुईने डब्यावर एक बारीक रेघ ओढून ठेवली. बाबा म्हणाले, "ही कसली?" मी म्हटलं, "तुमच्या डाव्या हाताची."

पुढचे दिवस सुखाचे गेले. बाबा घाटातून उन्हाने काळेठिक्कर होऊन यायचे, न्हाणीत दोन तांबे अंगावर घ्यायचे, आणि नाचणीची भाकरी नि आंबोशीचं कालवण खाऊन पॅडांसमोर बसायचे. बँजोवाला यायचा. सोनाआजी रोज शिव्या द्यायला यायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही. मी करवंदं खात पायरीवर बसून ऐकायचे. एवढं सुख मला पुढे माझ्या स्वतःच्या पगाराच्या पहिल्या दिवशीही झालं नाही, हे मी अगदी प्रामाणिकपणे लिहिते आहे.

पुनवेला पाच दिवस उरले असताना गंगारामकाका मुंबईहून तालीम ऐकायला आले. विहाराच्या ओट्यावर सगळे जमले. बाबा बसले, डावा हात मधल्या पॅडवर पडला, आणि आवाज आला तो गोणपाटाखालून आल्यासारखा. मेलेला. बाकीची चार पॅड चांगली, मधलंच गेलेलं. बाबांनी जोर लावून पाहिला. थोडं बोललं, पुन्हा गप्प. गंगारामकाका उठले, "बघा काय ते, उद्या येतो," एवढंच म्हणाले. बाबांच्या कानशिलावरून घाम वाहत होता. मशीन उचलून घरी आणताना त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, लाज वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड होता तोवर मी पडवीत घोंगडी टाकून कामाला बसले. बाबा शेजारी कोयत्याला धार लावत होते. मी मधल्या पॅडची वायर दुसऱ्या पॅडला लावली; ते उत्तम वाजलं. दुसऱ्याची वायर मधल्याला लावली, ते मुकंच. दोष पॅडाच्या मागे गेला होता. मग स्क्रू काढले आणि मागची फळी उचलली. आत रुपयाएवढी पितळी चकती असते, रबराखालच्या पत्र्याला डिंकाने घट्ट चिकटवलेली. ती चकती म्हणजेच त्याचा कान. डिंक वितळून ओघळला होता आणि चकती एका कडेला लोंबत होती. मी फळी नाकाशी नेली. पेंढ्याच्या धुराचा वास. पॅड उलटं केलं. रबराची एक कड तपकिरी झाली होती.

मी तो वास जन्मल्यापासून ओळखत होते.

"बाबा," मी म्हटलं, "हे शेकलंत तुम्ही?"

कोयता दगडावर दोन-तीनदा घासला गेला. मग थांबला. "जरासंच," ते म्हणाले. "लांबनं धरलं व्हतं."

"अहो, पण हे काय कातडं आहे?"

"कातडं नाय ते मला दिसतंय." ते कोयत्याच्या धारेकडे बघत बोलत होते. "गंगाराम यायचा व्हता. हात गार पडलेले. कार्यक्रमाच्या आधी शेकल्याबिगर मी कधी हात टाकला नाय वाद्यावर. तुझा आजा पण नाय. आई पाण्याला गेली व्हती, चूल पेटलेली व्हती. हात आपसूकच गेला गो."

मला हसूही आलं आणि रागही आला. एवढा जुना, जाणता वाजवणारा, आणि विजेच्या ड्रमला जाळावर धरतो! मी काहीतरी फटकन बोलणार होते, तेवढ्यात पायरीवर गंगारामकाका उभे. त्यांनी माझ्या मांडीवर सुटं पडलेलं पॅड पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "कोणी खोललं हे?"

"मी," मी म्हटलं.

"काय झालंय?"

"आतली चकती सुटलेय."

"कशी सुटली?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा कोयत्याकडे बघत होते.  मी वाट पाहिली. किती, ते सांगता येणार नाही. थोडीच असेल, पण मला ती फार लांब वाटली. बाबा बोलले नाहीत. आणि मग मीही तोंड उघडलं नाही, कारण मी बोलले असते तर ती मधोमधची जागा गेली असती, हे मला कळत होतं.

गंगारामकाकांनी स्वतःच उत्तर काढलं. "स्टँडला ट्यूबा काय कोंबल्यास, बटणं काय पिरगाळलीस. तेव्हाच हलवलं असशील. पोरीच्या हातात मशीन दिलं हीच चूक झाली माझी." त्यांनी पॅड, डबा, वायरी सगळं चादरीत बांधलं. "मुंबईला मेकॅनिककडं धाडतो. आता हात लावायचा नाय कुणी." मुंबईला जाऊन ते पुनवेच्या आत परत येणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. गाठोडं खांद्यावर टाकून ते निघून गेले.

रात्री जेवायला बसलो. आईने माझ्या ताटात वाढलं, मग बाबांच्या. पाण्यावरून आली तेव्हा चुलीजवळ पेंढ्याची राख तिने पाहिली होती, हे मला नंतर कळलं. बाबांच्या ताटात भाकरी ठेवून ती शांतपणे म्हणाली, "बघा, नीट शेकलेय काय. शेकण्यातलं तुम्हाला कळतं." बाबांनी अर्धीच भाकरी खाल्ली. मी तर रागाने आंधळी झाले होते. आईवर नाही, काकांवरही नाही, बाबांवर. माझ्या बापाने माझ्यासाठी तोंड उघडलं नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी झाले आहे, स्वतःच्या मुलीपुढे मीही एक-दोन वेळा गप्प बसले आहे, तरी ती संध्याकाळ मी विसरलेले नाही. माफ केलं म्हणून दुखायचं थांबतं असं नाही.

सकाळी मी हंडा घेऊन नळावर गेले. गंगारामकाकांचं घर नळासमोरच. ओटीवर पार्टीतले चार-पाच जण कोरा चहा पीत बसले होते. तेवढ्यात बाबा आले. खाकी कपडे, खांद्यावर फावडं, कामावर निघालेले. ओटीवर चढले नाहीत. खाली अंगणातच उभे राहून म्हणाले, "गंगाराम, ते पॅड मी जाळावर धरलं व्हतं."

कुणाला समजेना. बँजोवाला म्हणाला, "काय धरलं?"

"शेकलं," बाबा म्हणाले. "डफासारखं. आतला डिंक वितळला. पोरीनं काय केलं नाय. तिनं बिघाड शोधला. काल मी बोललो नाय, ती माझी चूक झाली."

कुणीतरी फसकन हसलं. मग दोघं-तिघं हसले. गंगारामकाका हसले नाहीत. कपबशी खाली ठेवून म्हणाले, "आप्पा, विस्तवावर? एवढं कळू नये? मंडळाला काय सांगू मी?" बाबा उभेच. "मग पुनवेला संजयला बोलावू द्या मला," काका म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नका."

"बोलाव," बाबा म्हणाले. "पण मशीन पोरीकडं दे. ती बरं करंल. मुंबईला कशाला धाडतोस?" आणि फावडं सावरून ते घाटाच्या वाटेला लागले. माझा हंडा केव्हाचा भरून वाहत होता. बायका ओरडायला लागल्या, "अगो, पाणी चाललंय सगळं, लक्ष कुठं हाय तुझं?"

गाठोडं दुपारी परत आलं. काकांनी स्वतः आणून दिलं आणि "बघ जमतंय काय" म्हणाले. माझ्याशी एवढ्या मऊपणे ते पहिल्यांदाच बोलत होते. मी महाडला जाऊन मामाकडून कथील आणि बारीक कानस घेतली, सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्यूशन. जुना डिंक खरवडून काढला, पत्रा स्पिरिटने पुसला, चकती सोल्यूशनने बसवली आणि वर वीट ठेवून एक दिवस तसंच राहू दिलं. तुटत आलेल्या वायरीला नवा डाग दिला. सगळं जोडल्यावर बटण रेघेवर आणलं आणि बाबांना हाक मारली. हलकं वाजवणारं दुसरं कोण होतं? ते आले, बसले, आणि डाव्या हाताने वाजवलं. उमटलं. सगळं उमटलं. ते बराच वेळ वाजवत राहिले, मी काही थांबवलं नाही. मग काठ्या माझ्या हातात देऊन म्हणाले, "झालं. आता चांगलं आयकतंय."

पुनवेच्या दिवशी दुपारी मुंबईकरांनी वाडी भरली. विहारासमोर टेम्पो उभा, त्याच्यावर जनरेटर आणि मशीन. संजय आला. कडक इस्त्रीचा शर्ट, मानेपर्यंत केस, पण पोरगा स्वभावाने गोड. आल्या आल्या बाबांच्या पाया पडला. मग टेम्पोवर चढून त्याने मधल्या पॅडवर एक हाणला, आणि मशीनने दोन-दोन ठोके दिले, वर शेजारचं "टण्ण"ही ठोकून दिलं. त्याने पुन्हा हाणलं, पुन्हा तेच. "ताई," तो मला म्हणाला, "हे डबल मारतंय. सेन्सिटिव्हिटी एवढी फुल का ठेवलीय?"

मी डब्याजवळ उभी होते. बटण रेघेवर होतं. मला कळत होतं काय करायचं ते, दोन सेकंदांचं काम. पण माझा हात उठेना. मला सगळ्यांचा राग आला, त्या बिचाऱ्या संजयचासुद्धा. मनात म्हटलं, वाजू दे डबल, होऊ दे फजिती, कळू दे सगळ्यांना हे मशीन कुणासाठी लावलं होतं.

मागून बाबांचा आवाज आला. टेम्पोच्या फळीला धरून ते खाली उभे होते, बगलेत डफ. "कमी कर गो, नंदे," ते म्हणाले. "त्याचा हात जड हाय."

मी बटण खाली आणलं. रेघ मोकळी झाली. संजयने हाणलं; एकच ठोका, स्वच्छ, भरदार. त्याने मला अंगठा दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टेम्पोवरून उतरले, कारण मला तिथे कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

बाबा विहाराच्या मागच्या बाजूला गेले होते. तीन दगड मांडले होते, पेंढा घेतला होता. मी जाऊन बाजूला उभी राहिले. त्यांनी काडी ओढली, जाळ उठला. मग त्यांनी डफ बगलेतून काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो माझ्या हातात दिला.

"धर," म्हणाले. "लांबनं."

आजोबांचा डफ. लाकडी कड हातांनी झिजून गुळगुळीत झालेली. मी तो हातभर उंच धरला आणि त्यांच्यासारखा सावकाश फिरवला. धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे डोळे पुसायला मला कारण शोधावं लागलं नाही. पुढून संजयचं "डूऽऽव" ऐकू येत होतं, मिरवणूक निघत होती. बाबांनी डफ कानाशी नेला, टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि परत माझ्या हातात दिला. मी पुन्हा धरला. दुसऱ्यांदा त्यांनी टिचकी मारली, थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "बास."

मग आम्ही दोघं मिरवणुकीच्या मागून चालायला लागलो. डफ त्यांच्या हातात होता आणि काडेपेटी माझ्या.